उजव्या बाजूची खुर्ची

सुलभाताई, तुम्ही मला फसवलंत. आठ वर्षं फसवलंत, आणि मी बैलांचा दलाल असून मला ते कळलं नाही. हे आधीच लिहून टाकतो. पुढं तुमच्याबद्दल चार चांगले शब्द लिहीन, तेव्हा कोणी असं समजू नये की मी विसरलो.

प्राजक्ता मॅडमचा फोन आला. शहापूरच्या समुपदेशन केंद्रात तुमचं काम आता त्या बघतात. तुमच्या आठवणींची एक पुस्तिका काढायची आहे, ज्यांना तुमची मदत झाली त्यांनी लिहावं, म्हणाल्या. नाव घालायची सक्ती नाही, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, नाव घालणार. बाळाराम, धसईकडचा, बैलांचा दलाल. हल्ली भातशेतीत पॉवर टिलर आले, बैल राहिले नाहीत, मीपण बकऱ्यांवर आलोय. पण ओळख तीच. वडिलांकडून मला एक दावंसुद्धा मिळालं नव्हतं. जे केलं ते तोंडाच्या आणि डोळ्यांच्या जोरावर केलं. म्हणून तर राग येतो. माझ्या डोळ्यांना तुम्ही चुकवलंत.

तुमची माझी गाठ कशी पडली ते तुम्हाला माहीत आहे, पण पुस्तिका वाचणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून सांगतो. वनी, माझी मुलगी, तेव्हा चौदा वर्षांची होती. बाजारात माझ्याबरोबर आली होती. मी एक बैल विकायला काढला होता. दिसायला देखणा, शिंगं सारखी, चाल छान. पण लावणीच्या वेळी नांगराला जुंपला की गाळात बसायचा. एकदा बसला की शेपटी पिरगाळा, काही करा, उठायचा नाही. बैलाला अशी खोड असली तर दलाल ती सांगत नाही. गिऱ्हाइकानं शोधायची असते. गिऱ्हाईक एक म्हातारा शेतकरी होता. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं धरून सांगायचं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आतलं दोघांनाच कळतं. आमचं जमलं होतं. मी रुमाल उचलणार, एवढ्यात वनी म्हणाली, "आजोबा, नका घेऊ. त्यो गाळात बसतो."

सगळा बाजार हसला. म्हातारासुद्धा हसला. म्हणाला, "दलाला, तुझ्यापेक्षा तुझी पोर बरी."

घरी आल्यावर मी वनीचा डावा हात पिरगळला. मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलं, हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. दवाखान्यातून ती घरी आलीच नाही, मामाकडं खर्डीला गेली. दवाखान्यानं तुमच्या केंद्राला कळवलं आणि मला तुमचा निरोप आला.

मी बोलायला नव्हतो आलो, भांडायला आलो होतो. दारातूनच सुरू केलं होतं, "माझी पोर, माझा बैल, माझा घर. तुमचा काय संबंध?" तुम्ही मान वर केलीत आणि तुमच्या उजव्या बाजूची खुर्ची दाखवलीत. "इकडून बसा, भाऊ. तिकडून नको."

मला वाटलं, हापिसातली काहीतरी शिस्त असेल. बसलो. तुम्ही विचारायला लागलात. राग कधीपासून येतो, लहानपणी घरात कोण मारायचं, हात उचलला तेव्हा मनात काय होतं. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "ताई, आमच्या बाजारात रुमालाखाली दोघांचा हात असतो. एकट्यानंच हात घालून सौदा होत नाय. तुमी माझा सगळा काढून घेणार आणि तुमचा काय? तुमी हात टाका, मग मी टाकतो."

मला वाटलं होतं तुम्ही गप्प बसाल, किंवा नियम सांगाल. तुम्ही माझ्या खांद्यावरचा टॉवेल मागितलात. टेबलावर पसरलात. त्याच्याखाली तुमचा हात ठेवलात आणि तसाच ठेवून म्हणालात, "मी माझ्या मुलाच्या कानाखाली मारली होती. सात वर्षांचा होता. त्या कानानं त्याला आता ऐकू येत नाही."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. एका घरात राहतो आम्ही. जेवतो, बोलतो. पण माझ्याजवळ बसताना तो बहिरा कान माझ्याकडं करून बसतो. नेहमी."

"माफ केला का त्यानं?"

"मी विचारत नाही. मी त्या बाजूला बसून राहते. एखाद्या दिवशी मान वळवेल."

ताई, त्या टॉवेलाखाली मी हात घातला नाही. परक्या बाईचा हात, कसा घालणार. पण तोंड उघडलं. माझा बाप, माझी आई, गोठ्यातली काठी, सगळं बोललो. बोलता बोलता मला कळलं की वनीचा हात पिरगळताना मला बैल आठवत नव्हता, ते हसणं आठवत होतं. हे मी कोणाला सांगितलं नसतं. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही माझ्यातल्याच होतात. मारणाऱ्यातल्या.

पुढं मी येत राहिलो. आधी तुम्ही बोलावलंत म्हणून, मग शहापूरला बकऱ्यांच्या कामानं आलो की आपणहून. आपली भांडणंही चालायची. सगळ्यात मोठं भांडण खोडीचं. तुम्ही म्हणायचात, "भाऊ, सगळं सांगा गिऱ्हाइकाला, असं मी म्हणत नाही. पण जे सांगाल ते खरं सांगा. एवढंच धरा." मी म्हणायचो, "न सांगणा आणि खोटा सांगणा एकच हाय. गिऱ्हाईक दोन्हीकडून बुडतो." तुम्ही म्हणायचात, एक नाही. मी म्हणायचो, एकच. चहा गार व्हायचा. एकदा तुम्ही चिडून म्हणालात, "मग तुमच्या मुलीनं चूक काय केली, सांगा!" त्या दिवशी मी उठून गेलो होतो. मुरबाडची गाडी चुकली, पण परत आत आलो नाही.

दोन वर्षांनी मी खर्डीला गेलो. वनीच्या मामाच्या ओटीवर बसलो. ती आतून बाहेर येईना. मी भिंतीकडं तोंड करून तुमची गोष्ट सांगितली. कान, मुलगा, त्याचं बसणं, सगळं. रुमालाखालचं बाहेर काढलं, हा माझा गुन्हा, तो कबूल. पण माझ्याजवळ माझं असं दुसरं काही नव्हतं द्यायला. मी म्हटलं, "वने, त्या ताई येवढ्या शिकलेल्या, तेंच्या हातून पण झाला. तेंचा पोरगा तेंच्याजवळ बसतो तरी. तू नुसती येऊन बस." त्या गौरीला ती घरी आली. तेव्हापासून येते. जेवते, आईबरोबर हसते. मी समोर आलो की डावा हात ओढणीखाली घेते. मी काही बोलत नाही. त्या बाजूला बसून राहतो. तुम्ही सांगितलं होतंत तसं.

मग तुम्ही गेलात. सापगावला तुमच्या मागच्या जलदान विधीला, बुद्धवंदनेला, मी आलो होतो. मंडपात पुढंच तुमचा मुलगा निखिल बसला होता. आठ वर्षांत मी त्याला पहिल्यांदा बघत होतो. माझं मन वंदनेत नव्हतं, खोटं कशाला बोलू. मला तो कान बघायचा होता. कोणता, किती, मान कशी धरतो. जनावर बघायची सवय, ती माणसाच्या मयताला पण सुटत नाही.

वंदना झाल्यावर मी त्याच्या मागं गेलो. बैलाला ऐकू येतं का हे बघायला आम्ही मागून चुटकी वाजवतो. मी त्याच्या डाव्या कानामागं हळूच वाजवली. त्यानं वळून बघितलं. मला वाटलं डावा चांगला असेल. थोडा वेळ थांबून उजवीकडं वाजवली. तो पुन्हा वळला.

"काका, काय पाहिजे? पाणी आणू?"

"नाय... तुमचा कान कसा हाय आता?"

"माझा?" त्यानं कानाला हात लावला. "आईच्या कानाचं म्हणताय का? तिचा डावा कान गेलेला होता. लहानपणी आजोबांनी मारलेलं. सात वर्षांची होती ती."

मी म्हटलं, "ताईंनी तुमाला कधी मारला होता?"

"आईनं? मला?" तो हसला, त्या दिवसातसुद्धा हसला. "काका, ती डास मारायलापण मला हाक मारायची."

मी मंडपाच्या कडेला झालो. आणि सगळं एकेक करून समोर आलं. उजव्या बाजूची खुर्ची. फोन कायम उजव्या कानाला. डावीकडून कोणी आलं की तुमचं दचकणं. चहावाला डावीकडून हाक मारायचा आणि तुम्ही बघायचा नाहीत, तेव्हा मी त्याला म्हणायचो, ताई विचारात हायेत, गप रे. दहा पावलांवरून मी सांगतो बैलाचा डोळा अधू आहे की नाही. आणि तुमचा कान मला आठ वर्षं दिसला नाही! कारण सांगू? बैलासमोर उभा राहतो तेव्हा मी बैल बघतो. माणसासमोर बसलो की तो माझ्याबद्दल काय बोलतो एवढंच ऐकतो. हे मला परवाच कळलं, आणि तेही तुमच्यावर चिडता चिडता.

मी निखिलला एवढंच विचारलं की आजोबा पुढं कुठं राहिले. तो म्हणाला, "आमच्याकडंच. गेले चार वर्षांपूर्वी. आईनं सगळं केलं त्यांचं, शेवटी भरवायचीसुद्धा. फक्त त्यांचं ताट ती नेहमी तिच्या डाव्या हाताला मांडायची."

म्हणजे तुम्ही मला सांगितलेल्यातलं सगळं खरं होतं. कान खरा, वय खरं, एक घर, जेवण, बसणं, सगळं खरं. फक्त माणसं उलटी. तुम्ही मारणारीच्या जागी जाऊन बसलात आणि तुमच्या जागी निखिलला बसवलंत.

ताई, रागाच्या खाली मला एक गोष्ट फार जाणून घ्यायची आहे. हे तुम्ही ठरवून केलंत की तोंडातून निघालं? मी म्हटलं "हात टाका" आणि तुम्ही टॉवेल मागितलात, तेवढ्या वेळात जुळवलंत का? टॉवेलाखालचा तो हात, तो तुमचा होता की तुमच्या वडिलांचा? "मी मारली" म्हणताना तुमच्या कानात काय वाजलं? तुमचा आवाज तेव्हा जरा फाटला होता, मला आठवतं. मी समजलो, पश्चात्ताप आहे. माझ्यासारखा. एवढ्या वर्षांत पुन्हा कधी तुम्ही ते बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं पण खोटं बोलावं लागलं असतं, म्हणून मला खोडीच्या भांडणात गुंतवून ठेवायचात का?

प्राजक्ता मॅडमना जाऊन मी सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "काका, आम्हाला शिकवतात की समोरच्याला आपलं घरचं सांगायचं नाही. अगदीच सांगायचं झालं तर ते त्याच्या उपयोगाचं हवं, आपलं मन हलकं करायला नाही. आणि खरं हवं. हे मला सुलभाताईंनीच शिकवलंय."

"तेंनीच?"

"हो. आणि शिकवताना म्हणायच्या, मी हे एकदा मोडलंय. कुणाच्या बाबतीत ते सांगणार नाही."

मी म्हटलं, "आता तुमाला कळला कुणाच्या." त्यांनी डोळे पुसले. मला त्यांची दया आली आणि अजून राग आला. म्हणजे तुम्ही विसरला नव्हतात. माझ्याकडं बघताना दर वेळी तुम्हाला ते आठवत होतं. चहा मागवताना, भांडताना, सगळ्या वेळी.

मग मी चार दिवस घरात धुमसत होतो. बायको म्हणाली, "मेलेल्या मानसावर किती बोंबलशील? भला झाला ना तुझा?" भलं झालं, ते मी नाही म्हणत नाही. पण माझी अडचण वेगळी होती. तो माल मी पुढं दिला होता. वनीला. तुमच्या मुलाच्या कानावर विश्वास ठेवून ती घरी आली होती, असं मी समजत होतो. आता मला माहीत होतं की त्या गोष्टीत खोड आहे. गप्प बसलो तर कोणाला कळणार नव्हतं. दलाल खोड सांगत नाही. आणि मला रात्रंदिवस तो म्हातारा दिसायचा, तो रुमाल, आणि चौदा वर्षांची वनी.

खर्डीला ती औषधांच्या दुकानात कामाला आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा गेलो. काउंटरच्या पलीकडं ती, अलीकडं मी. हात ओढणीखाली. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. ताईंनी मुलाला मारलंच नव्हतं. तेंचाच कान होता. मी तुला खोटी गोष्ट दिली, मला ठाऊक नव्हता, पण दिली. तू त्याच्यावर घरी आलीस. आता तुला परत जायचा असेल तर जा.

वनीनं काउंटरचा खण लोटला. मग म्हणाली, "बाबा, तू गिऱ्हाइकाला खोड सांगायला आलास? एस्टीनं? भर दुपारचा?"

"चेष्टा करू नको गो."

"मला ठाऊक होता."

"काय ठाऊक होता?"

"ताईंचा कान. मला पयल्याच दिवशी सांगितला तेंनी. प्लॅस्टर ओला होता माझा. म्हनल्या, माझ्यापण बापानं मारलेला, हा बघ, इकडून मला काय ऐकू येत नाय. मी त्या कानात शिवी दिली बघायला. खरंच नाय आली ऐकू."

म्हणजे ताई, एकच कान तुम्ही दोघांना दिलात. तिला मार खाणारीचा, मला मारणारीचा. चाळीस वर्षं बाजारात काढली, असा व्यवहार मी पाहिला नाही.

मी विचारलं, "मग मामाच्या ओटीवर मी सांगत होतो तेव्हा बोलली का नाय?"

"तू पयल्यांदाच कुनाची तरी गोष्ट पुरी ऐकून आला होतास. मी कशाला मोडू?" मग म्हणाली, "ताईंशी भांडले मी. माझ्या बापाला खोटा का सांगितला म्हनून. त्या म्हनल्या, चुकला माझा. त्या टायमाला तुझ्या बाबाला मार खाल्लेल्या मानसाचा काय ऐकूच आला नसता. पन चुकला. सांगेन तेंना एक दिवस."

"नाय सांगितला."

"नाय सांगितला," वनी म्हणाली.

"मग तू घरी आलीस कशाला? गोष्ट खोटी ठाऊक होती तर?"

तेवढ्यात एक बाई खोकल्याचं औषध मागायला आली. वनीनं वरच्या फळीवरून बाटली काढली, दोन्ही हातांनी. ओढणी खांद्यावर मागं गेली होती. वाकडं मनगट मी आठ वर्षांत पहिल्यांदा एवढ्या जवळून बघितलं. बाई गेल्यावरही तिनं ते झाकलं नाही, पण माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणाली, "ते ताईंना विचार. आमी दोघी त्याच्यावरच बोलायचो. बाप म्हातारा झाल्यावर काय करायचा."

हे सगळं लिहून मी तिला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, छापू दे, माझं नाव पण राहू दे. पण उत्तर तिनं दिलं नाही.

म्हणून ताई, आता तुम्हाला विचारतो. आभार नंतर. मला बोलतं केलंत, पोरीला घरापर्यंत आणलंत, ते मी जन्मभर मानीन. पण माझ्या कानाला काय झेपेल आणि काय नाही, हे तुम्ही एकट्यानं ठरवलंत. पहिल्या दिवशी ठरवलंत ते मी समजू शकतो, मी तसाच होतो. पाचव्या वर्षीही मी तसाच होतो का? सातव्या? चहा पिताना एकदा म्हणायचं होतं, भाऊ, तो कान माझा आहे. मी ओरडलो असतो, उठून गेलो असतो, मुरबाडची गाडी चुकवली असती. पण परत आलो असतो. हे तुम्हाला माहीत नव्हतं?

आणि दुसरं, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. तुम्ही मला म्हणाला होतात, एखाद्या दिवशी मान वळवेल. मी त्या एका वाक्यावर सहा वर्षं ओढणीच्या बाजूला बसलोय. तो मुलगा तुम्ही होतात. तुमचे वडील तुमच्या डाव्या हाताला बसून जेवले आणि गेले. तुम्ही एकदा तरी मान वळवलीत का? निखिलला मी विचारलं. तो म्हणाला, काका, मी सकाळी सातला घर सोडायचो, मला काय माहीत. वनी म्हणते ताईंना विचार. प्राजक्ता मॅडमना माहीत नाही. दुसरं कोण सांगणार?

आज मंगळवार. मी केंद्रात आलोय. तुमची खुर्ची आहे तिथंच आहे. प्राजक्ता मॅडम अजून तिच्यावर बसत नाहीत, बाजूला स्टूल घेतात. मी माझा टॉवेल टेबलावर पसरलाय आणि या वेळी हात खाली घातलाय. खुर्ची तुमच्या उजव्या बाजूला ओढून बसलोय. ऐकू आलं नाही असं म्हणू नका. जबाब द्या.